काय वाजवायचं नाही: बिल ब्रुफर्डकडून शिकलेलं

ड्रम शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात वेगाबद्दल विचारतात आणि त्यांचे आईवडील विचारतात की यात पुढे काय. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देताना गेली अनेक वर्षं माझ्या तोंडी एकच नाव येतं: बिल ब्रुफर्ड. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावी 1949 साली जन्मलेला हा ड्रमर येस, किंग क्रिम्सन, थोडे दिवस जेनेसिस आणि मग स्वतःचे बँड असा फिरला. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या ड्रमरांत त्याचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं, पण त्याचे हात जॅझवर वाढलेले होते. मी त्याला कधी भेटलो नाही. त्याच्या रेकॉर्ड ऐकत, त्याने लिहिलेलं वाचत आणि सोबत ऑर्केस्ट्रा, स्टुडिओ, हॉटेलातले छोटे जॅझ कार्यक्रम अशी कामं करत मी शिकलो. त्याच्याकडून घेतलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नाकारायची हिंमत. एखादा ठोका नाकारणं आणि एखादी चांगली चाललेली जागा नाकारणं या दोन्हींची मुळं एकच आहेत, असं मला आता वाटतं.

1. कान कुणाच्या हवाली करायचा, ते आधी ठरवा

ब्रुफर्डच्या शाळकरी वयात, 1964 ते 1966 या काळात, बीबीसीवर ‘जॅझ 625’ नावाचा कार्यक्रम लागायचा. मोठमोठे अमेरिकन जॅझ कलावंत त्यात वाजवून जायचे. बहिणीने त्याला ब्रशची जोडी भेट दिली होती. एलपीच्या कव्हरवर ब्रश घासला की स्नेअरसारखा आवाज येतो, असं कळल्यावर तो टीव्हीसमोर बसून कव्हरवर वाजवू लागला. आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच आणि जो मोरेलो हे त्याचे आदर्श. तिघेही रॉकपासून दूर.

मोरेलोने डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीत 1959 साली ‘टेक फाइव्ह’ वाजवलं. ती पाच मात्रांची चाल अशी काही झुलते की ऐकणाऱ्याला मोजायची आठवणही होत नाही. पुढे येसमध्ये आणि क्रिम्सनमध्ये सात, अकरा, तेरा मात्रांचे तुकडे आले तेव्हा ब्रुफर्डच्या हातात ते गणितासारखे अवघडले नाहीत, कारण विषम मात्राही गाता येतात हे त्याने लहानपणीच ऐकलं होतं.

आपल्याकडच्या मुलांना ही देणगी तबल्याच्या वर्गात फुकट मिळते आणि ड्रमवर बसल्यावर ती तिचा वापर करत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं. सात मात्रांचा तुकडा आला की मुलं इंग्रजीत वन टू थ्री मोजायला लागतात आणि पाचव्या-सहाव्या आवर्तनाला हमखास घसरतात. त्यांना मी स्टिक खाली ठेवायला लावतो आणि रूपकाचा ठेका म्हणून घेतो: ती ती ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. दहा मिनिटं तोंडाने म्हटल्यावर हात आपोआप जागेवर येतात.

2. एका ठोक्यात ओळख पटली पाहिजे

येसमध्ये ख्रिस स्क्वायरचा बेस गिटार करकरीत आणि मोठा, शेजारी हॅमंड ऑर्गन, वर गिटार. त्या गर्दीत ड्रम ऐकू जायचे तर उपाय काय? ब्रुफर्ड स्नेअर चढा लावायचा आणि कातडं व कडा एकदम लागेल असा रिमशॉट मारायचा. त्यामुळे ठोक्याला लाकडी, घणघणता नाद यायचा. सत्तरच्या दशकात स्टुडिओत ड्रमवर टॉवेल टाकून, पट्ट्या चिकटवून आवाज मारून टाकायची पद्धत जोरात होती. याने स्नेअर गुंजू दिला. 1971 च्या ‘फ्रॅजाइल’वरचं ‘हार्ट ऑफ द सनराइज’ लावा. स्नेअरचा एक ठोका पुरतो, वाजवणाऱ्याचं नाव सांगता येतं.

तबल्यात जाणकार मंडळी नुसत्या चाटेच्या ‘ना’वरून घराणं ओळखतात. ड्रमवर मात्र आपण महागडा सेट घेतो, दुकानातून आला तसा वापरतो आणि आवाजाची जबाबदारी साउंडवाल्यावर सोडतो. स्नेअर स्वतः लावायला शिका. किल्ली घेऊन एकेक बोल्ट फिरवत अर्धी दुपार घालवलीत तरी ती दुपार वाया जात नाही.

3. सगळं छान चाललेलं असतानाच विचार करा

हा प्रसंग मी पालकांना सविस्तर सांगतो.

1968 मध्ये ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकातल्या ब्रुफर्डच्या जाहिरातीवरून त्याची गाठ जॉन अँडरसन आणि स्क्वायर यांच्याशी पडली आणि येस सुरू झाला. मध्येच तो लीड्स विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेला, पण त्याच वर्षी परत बँडमध्ये आला. चार वर्षांत येस छोट्या क्लबांतून मोठ्या सभागृहांत पोचला. 1972 मध्ये लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत त्यांनी ‘क्लोज टू द एज’ रेकॉर्ड केलं. तुकडा तुकडा वाजवायचा, टेप जोडायची, वाद घालायचे, पुन्हा वाजवायचं. असं करत अठरा मिनिटांहून मोठं, रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारं गाणं तयार झालं. सप्टेंबरात ती रेकॉर्ड बाजारात आली आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. तोवर ब्रुफर्ड येस सोडून रॉबर्ट फ्रिपच्या किंग क्रिम्सनमध्ये गेला होता.

तेवीस वर्षांचा मुलगा, बँड शिखरावर, पैसा दारात उभा, आणि हा निघाला. या चालीत आपल्याला जे साधायचं होतं ते साधलं, यापुढे हेच पुन्हा वाजवावं लागेल, हे त्याला दिसलं होतं. क्रिम्सनमध्ये काय वाजवायचं हे कुणी सांगत नसे, आणि त्याला तेच हवं होतं. त्याच्या या निर्णयाची किंमत इतरांनीही मोजली. दौरा तोंडावर आलेला असताना त्याच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटला तो सगळा गुंतागुंतीचा कार्यक्रम काही दिवसांत बसवावा लागला. यावर आजही वाद घालणारे आहेत. माझं मत असं की रेकॉर्डचं काम अर्धवट टाकून तो गेला असता तर मी त्याला दोष दिला असता. त्याने हातातलं काम पूर्ण केलं आणि मग दार उघडलं.

मी स्वतः गणेशोत्सवाचा हंगाम भरात असलेला ऑर्केस्ट्रा सोडला तो याच विचाराने. त्याच गाण्यांवर तेच रोल वाजवताना हात चालायचे आणि कान मिटलेला असायचा. प्रेक्षक खूश, आयोजक खूश, पाकीट वेळेवर. सोडल्यावर उत्पन्न घसरलं, घरात बायकोच्या पगारावर दिवस काढले. पण तबला, गिटार आणि डबल बेस अशा तिघांच्या छोट्या गटात बसलो तेव्हा, आत्ता समोरचा काय करणार आहे हे माहीत नसल्यामुळे, कान पुन्हा जागा झाला. प्रत्येकाने असं सोडावंच असं मी कुणाला सांगणार नाही. घरची परिस्थिती प्रत्येकाची वेगळी. पण कान मिटलाय का, हे दर हंगामाला स्वतःला विचारावं.

4. शेजारी आपल्याहून वेगळा माणूस बसू द्या

क्रिम्सनमध्ये ब्रुफर्डच्या जोडीला जेमी म्यूर होता. साखळ्या, पत्रे, घंटा, घरातल्या वस्तू, जे वाजेल ते वाजवणारा. कार्यक्रमात तो पत्र्यावर साखळ्या आपटायचा, तोंडात खोट्या रक्ताची कॅप्सूल फोडायचा. 1973 चं ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ ऐकताना नीटस, नेमका ब्रुफर्ड आणि रानटी म्यूर एकमेकांना कसे ढकलतात ते कळतं. म्यूरचं सांगणं होतं की संगीत तुझ्या सोयीसाठी नाही, तू संगीताच्या सेवेला आहेस. ब्रुफर्डने पुढे आयुष्यभर हे ऋण मानलं.

म्यूर तिथे काही महिनेच टिकला. 1973 च्या सुरुवातीला सगळं सोडून तो स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात गेला. जाता जाता एक धागा मात्र भारताकडे जोडून गेला. मार्च 1973 मध्ये ब्रुफर्डच्या लग्नात म्यूरची आणि जॉन अँडरसनची भेट झाली आणि म्यूरने त्याला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं. त्या पुस्तकातल्या शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून अँडरसनला येसच्या पुढच्या रेकॉर्डची कल्पना सुचली आणि ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हे चार बाजूंचं काम उभं राहिलं. त्यावर ड्रम अर्थातच ॲलन व्हाइटचे.

म्यूर म्हणायचा त्या सेवेचा अर्थ मला भावगीतांच्या कार्यक्रमात कळला. गाणारी बाई अंतऱ्याआधी श्वास घेते. त्या क्षणी मी फिल टाकला तर श्रोत्यांचं लक्ष माझ्याकडे येतं आणि शब्दाचं वजन जातं. तिचा श्वास ऐकायला लागल्यापासून माझे फिल निम्मे झाले आणि बोलावणी वाढली.

5. न वाजवताही संगीतकार होता येतं

23 नोव्हेंबर 1973. ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखबाउ सभागृहात किंग क्रिम्सनचा कार्यक्रम. मध्येच चौघे आधी न ठरवलेल्या वादनात शिरतात. डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन हळूच एक धून धरतं, जॉन वेटनचा बेस खालून येतो, फ्रिपच्या मेलोट्रॉनमधून बासरीसारखा सूर निघतो. ब्रुफर्ड दोन्ही स्टिक छातीवर फुली करून धरतो आणि तसाच बसून राहतो. साडेपाच मिनिटांहून अधिक काळ एकही ठोका नाही. हे वादन ‘ट्रिओ’ नावाने 1974 च्या ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ रेकॉर्डवर आलं आणि रचनाकार म्हणून चौघांचीही नावं लागली. त्याने दाखवलेल्या संयमाचा मान म्हणून हे श्रेय बाकीच्यांनी त्याला दिलं.

मी हा तुकडा वर्गात लावतो तेव्हा काही सांगत नाही. तिसऱ्या मिनिटाला मुलं चुळबुळतात, ड्रम कधी येणार म्हणून माझ्याकडे बघतात. संपल्यावर विचारतो, ड्रमरने काय केलं? बहुतेकांचं उत्तर येतं, काहीच नाही. मग मी विचारतो, त्या जागी तुम्ही असता आणि ब्रशने हळूच राइड सिंबल धरला असता तर काय झालं असतं? तेव्हा वर्ग बोलायला लागतो. कुणी म्हणतं, व्हायोलिनला घाई झाली असती. कुणी म्हणतं, तिसऱ्या मिनिटाला रॉक सुरू झाला असता. एक मुलगी म्हणाली, ‘सर, त्याने हात उचलला असता तर बाकीच्यांनी त्याची वाट बघितली असती.’ इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं.

जॅझमध्ये एकमेकांना जागा देण्याची सवय अंगात मुरलेली असते. रॉकमध्ये ड्रम थांबले की काहीतरी बिघडलं असं वाटतं. ब्रुफर्ड ती सवय इकडून तिकडे घेऊन गेला, आणि माझ्या लेखी त्याचं सर्वांत मोठं काम हेच.

6. फुटकं सिंबलही ऐकून बघा

क्रिम्सनच्या ‘रेड’ रेकॉर्डच्या वेळी, 1974 मध्ये, रिहर्सलच्या खोलीतल्या कचऱ्यात ब्रुफर्डला टोपीच्या कडेसारखं दुमडलेलं एक जुनं सिंबल सापडलं. ‘वन मोअर रेड नाइटमेअर’मध्ये जो पत्र्यासारखा कोरडा, झटकन विझणारा आवाज येतो तो त्याचाच. चांगल्या सिंबलचा नाद लांबतो आणि गिटारच्या भिंतीत मिसळून जातो. याचा नाद लगेच मरतो, म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. मी तडकलेलं एक क्रॅश अजून ठेवलं आहे.

7. अट घालून घ्या

फ्रिपने 1974 मध्ये क्रिम्सन बंद केला आणि 1981 मध्ये ब्रुफर्ड, टोनी लेव्हिन आणि एड्रियन बेल्यू यांना घेऊन पुन्हा उभा केला. त्या ‘डिसिप्लिन’च्या काळात फ्रिपची मागणी होती की हाय-हॅट आणि सिंबलपासून शक्य तितकं दूर राहा. गिटारला वरची पट्टी मोकळी हवी होती. ड्रमरचा अर्धा संसार हाय-हॅटवर चालतो. तो हातातून काढून घेतल्यावर ब्रुफर्डने तो पोकळ भाग टॉम, लाकडी स्लिट ड्रम आणि सिमन्सच्या षटकोनी इलेक्ट्रॉनिक पॅडवर भरून काढला. त्या पॅडना तेव्हा फार जण खेळणं समजत होते. आपल्या ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक ऑक्टोपॅडवाल्याने 1982 च्या ‘बीट’वरचं ‘वेटिंग मॅन’ ऐकावं. पॅडवर चाल वाजवता येते, ढोलकी आणि टाळ्यांची नक्कल करण्यापलीकडे त्या यंत्राला काही सांगायचं असू शकतं, हे तिथे कळतं.

माझ्या वर्गात नव्या मुलाच्या सेटवरून मी काही आठवडे हाय-हॅटचा क्लच काढून ठेवतो. आधी चिडतात. मग डावा पाय काय काय करू शकतो हे त्यांना कळतं.

आणखी एक व्यायाम ‘डिसिप्लिन’ या वादनावरून घेतला आहे. तिथे ड्रमचं चक्र सतरा सोळांशांचं आहे आणि खाली बेस ड्रम चारच्या चालीने सरळ चालतो. मुलांना मी तीनतालाच्या भाषेत समजावतो: पाय सोळाच्या घरात ठेवा, हातांनी सतराचं चक्र धरा. हात दर आवर्तनाला एक घर पुढे सरकतात आणि पायाच्या सतरा आवर्तनांनंतर दोघे पुन्हा समेवर भेटतात. पहिल्यांदा भेटतात तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो तिहाई बरोबर पडल्यावरचा आनंद आहे. तेवढ्यासाठी मी हे तासन् तास करून घेतो.

8. दुसऱ्याचं वाजवताना आपण कुठे उभे आहोत ते ओळखा

1976 मध्ये जेनेसिसचा ड्रमर फिल कॉलिन्स गायला पुढे गेला आणि दौऱ्यासाठी मागे ब्रुफर्ड बसला. गाणी, ड्रमचे तुकडे, सगळं दुसऱ्यांनी आधीच ठरवलेलं. तो तिथे रमला नाही आणि हे त्याने लपवलंही नाही.

या अनुभवाचा अर्थ त्याने फार नंतर, सरे विद्यापीठात पीएच.डी. करताना लावला. 2016 मध्ये त्याला ती पदवी मिळाली आणि 2018 मध्ये त्यावरचं ‘अनचार्टेड’ हे पुस्तक आलं. पीटर अर्स्किन, सिंडी ब्लॅकमन सँटाना अशा कसलेल्या ड्रमरांशी बोलून त्याने एक पट्टी आखली. एका टोकाला सांगितलेलं काम चोख करणारं वादन, दुसऱ्या टोकाला वाजवता वाजवता रचना करणारं वादन. प्रत्येक ड्रमर रोज या पट्टीवर कुठेतरी असतो आणि एकाच संध्याकाळी दोन्हीकडे जाऊ शकतो. मला हे वाचून मोठा आधार वाटला, कारण माझं बरंचसं आयुष्य पहिल्या टोकाजवळ गेलं आहे. जाहिरातीच्या जिंगलला क्लिकवर बरोबर वाजवून एका टेकमध्ये घरी जाणं हेही कौशल्य आहे. फक्त स्टुडिओत शिरताना आज आपण पट्टीवर कुठे आहोत हे ठाऊक हवं. जिंगलमध्ये रचना करायला जाऊ नये आणि जॅझच्या गटात सांगकाम्या होऊ नये.

9. तरुणांना बोलवा

1986 मध्ये ब्रुफर्डने अर्थवर्क्स हा स्वतःचा जॅझ बँड सुरू केला तो जँगो बेट्स आणि इयन बॅलमी या आपल्याहून दहा वर्षांहून लहान वादकांना घेऊन. दोघे लंडनच्या ‘लूज ट्यूब्ज’ या मोठ्या जॅझ बँडमधले. सभागृहं लहान झाली, पण कोणत्याही रात्री काहीही होऊ शकेल अशी मंडळी मिळाली. मधूनमधून तो मोठ्या रॉक दौऱ्यांवर जायचा, 1991 मध्ये आठ जणांच्या येससोबत, 1994 पासून पॅट मॅस्टेलोटोच्या जोडीने दोन ड्रमरांच्या क्रिम्सनमध्ये. आणि पुन्हा अर्थवर्क्सकडे.

त्याआधी पियानोवादक पॅट्रिक मोराझसोबतच्या 1985 च्या ‘फ्लॅग्ज’वर त्याने मॅक्स रोचचं ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ वाजवलं. दोन्ही पाय तीनच्या चालीत अखंड, वर हात गातात. वरच्या वर्गातल्या मुलांकडून हे करून घेतल्याशिवाय मी त्यांना सोडत नाही.

10. थांबण्याचा आणि परतण्याचा हक्क तुमचाच

1 जानेवारी 2009 पासून त्याने जाहीर वादन बंद केलं. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात त्याने आपल्या शंका, थकवा, पुढे काय वाजवायचं हेच न सुचण्याची भीती उघडपणे मांडली. साठीच्या उंबरठ्यावर, नाव असताना, हातही चालत असताना थांबला. आपल्याकडे कलाकाराने शेवटच्या श्वासापर्यंत वाजवावं अशी अपेक्षा असते, आणि त्या अपेक्षेपोटी कितीतरी ज्येष्ठांना मी दुखऱ्या मनगटांनी वाजवताना पाहिलं आहे. त्यांना कुणी सांगितलं नाही की थांबणंही चालतं.

एका तपाहून अधिक काळ तो ड्रमवर बसला नाही. मग सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा सरावाला लागला आणि गिटारवादक पीट रॉथच्या त्रिकुटात वाजवू लागला, लहान क्लबांत, जॅझ. हा रॉथ एकेकाळी ब्रुफर्डचे ड्रम लावून द्यायचा, त्यांची देखभाल करायचा. आता त्रिकुट त्याच्या नावाने ओळखलं जातं आणि ब्रुफर्ड त्यात ड्रमर म्हणून बसतो.

मीही हल्ली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बँडमध्ये वाजवतो. कोणत्या कार्यक्रमात काय वाजवायचं ते तो ठरवतो. परवा रिहर्सलला त्याने मला दुसऱ्या गाण्यात फक्त ब्रश धरायला सांगितलं, आणि तिसऱ्यात काहीच नाही.